टाळू काढावी लागली तर जेवायचं-बोलायचं कसं?

वरच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलं की घरची मंडळी सर्जनला विचारतात: गाठ पूर्ण निघेल ना? चेहरा किती बदलेल? आणि मग जरा आवाज खाली आणून, "यांना नंतर जेवता येईल का हो? बोललेलं कळेल का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सर्जन देतात. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरांच्या हातात असतं. त्यांना प्रोस्थोडॉन्टिस्ट म्हणतात. कवळी करतात तेच हे दातांचे डॉक्टर. तोंडाचा गेलेला भाग कृत्रिम वस्तूने भरून काढणं हेच त्यांचं शास्त्र. कवळी दातांची जागा घेते. टाळूला भोक पडलं असेल तर ते बुजवणारं जे साधन ते करतात, त्याला ऑब्ट्युरेटर म्हणतात. बोलताना रुग्ण त्याला 'प्लेट' म्हणतात, आपणही इथे तोच शब्द वापरू.

घरच्यांच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: बहुतेकांना जेवताही येतं आणि बोललेलं कळतंही. पण प्लेट किती चांगली बसेल, हे बऱ्याच अंशी ऑपरेशनच्या आधीच ठरून जातं. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट हीच आहे.

१. वरचा जबडा काय काय सांभाळतो

जीभ वर लावून दातांच्या मागून घशाकडे नेत जा. आधी कडक, सुरकुत्यांचा भाग लागतो. ती हाडाची टाळू. आणखी मागे गेलं की एकदम मऊ लागतं, तिथून मऊ टाळू सुरू होते. तिच्या टोकाला पडजीभ लोंबते. हाडाची टाळू हलत नाही. मऊ टाळू स्नायूंची असते. गिळताना आणि बोलताना ती वर उचलली जाते आणि नाकाचा मागचा रस्ता बंद करते.

टाळू हे तोंडाचं छत आहे आणि तीच नाकाची जमीनही आहे. तिच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या मागे, जबड्याच्या हाडात हवेची एकेक पोकळी असते. सर्दी तुंबली की गाल जड होतात ते या पोकळ्यांमुळे. याच हाडाचा वरचा भाग डोळ्याखालचा आधार होतो आणि खालच्या कडेला वरचे दात रोवलेले असतात. म्हणजे या एका हाडावर दात, गालाची ठेवण, नाकाची भिंत आणि डोळ्याची बैठक अवलंबून असते. गाठीसाठी हे हाड अर्धं काढावं लागलं, की तोंड, नाक आणि गालाची पोकळी मिळून एकच गुहा होते. पाण्याचा घोट घेतला की तो नाकातून बाहेर येतो. भाताची शितं नाकात अडकतात. चारचौघांत जेवायला बसणं माणूस हळूहळू टाळू लागतो.

२. 'बाबा'चं 'मामा' का होतं

एक छोटा प्रयोग करून पाहा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'मामा' म्हणा. कानाला ते 'बाबा'च्या जवळ जाणारं ऐकू येईल. 'ब' आणि 'म' म्हणताना ओठ अगदी एकाच जागी मिटतात. फरक असतो तो फक्त हवेच्या वाटेत. 'म' म्हणताना मऊ टाळू खाली राहते आणि हवा नाकातून जाते. 'ब' म्हणताना ती वर उचलली जाऊन नाक बंद करते, ओठांमागे हवेचा दाब साठतो आणि ओठ उघडताच तो सुटतो.

आपली वर्णमाला मांडणाऱ्यांनी प्रत्येक वर्गाचं शेवटचं अक्षर अनुनासिक ठेवलं आहे: क-ख-ग-घ यांच्यानंतर ङ, ट-ठ-ड-ढ यांच्यानंतर ण, प-फ-ब-भ यांच्यानंतर म. टाळूला भोक पडलं की दाब साठायला जागाच उरत नाही, आणि सगळा वर्ग आपापल्या शेवटच्या अक्षराकडे घसरू लागतो. 'बाबा'चं 'मामा'सारखं होतं, 'डबा' 'णमा'कडे जातो. 'स' आणि 'श' फुसफुसतात. जीभ, ओठ, स्वरयंत्र सगळं शाबूत असूनही बोलणं कळेनासं होतं.

प्लेट बसवल्यावर तिची परीक्षा नेमकी इथेच होते. डॉक्टर रुग्णाला आकडे मोजायला सांगतात, 'पापड', 'काकडी', 'टपटप' असे दाबाच्या व्यंजनांनी भरलेले शब्द म्हणायला लावतात, मग पाण्याचा घोट घ्यायला लावतात. पाणी नाकात आलं नाही आणि 'पापड' स्पष्ट आला, म्हणजे भोक नीट बुजलं.

३. टाळूला भोक पडतं कशाने

काहींची टाळू जन्मतःच दुभंगलेली असते. अशा बाळाला दूध ओढता येत नाही. पहिल्या काही महिन्यांत टाळूवर बसणारी छोटी दूधप्लेट काही ठिकाणी देतात, आणि साधारण नऊ महिने ते दीड वर्ष या वयात ऑपरेशनने टाळू शिवतात. ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांसाठी आयुष्य वेचणारा एक मराठी सर्जन इथे आठवायलाच हवा. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित १९६८पासून वर्षानुवर्षं भारतात येऊन गावोगावच्या शिबिरांत अशी ऑपरेशनं फुकट करत राहिले. पुढे त्यांना स्वतःलाच स्वरयंत्राचा कर्करोग झाला आणि यंत्राच्या मदतीने बोलावं लागलं, तरी त्यांनी शिबिरं थांबवली नाहीत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठेपणी टाळू जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे कर्करोग, आणि त्याची एक वाट पान-सुपारीतून जाते. तमिळनाडूत कावेरीच्या काठचं कुंभकोणम विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या पानाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मराठी वाचकाला हे गाव परकं वाटायला नको. तंजावरच्या भोसल्यांचा हा मुलूख. पान, सुपारी आणि चुना ही तिथल्या पाहुणचाराचीही रीत आहे आणि आपल्याकडचीही. यातलं पान सहसा निरपराध असतं. दोष सुपारीचा, आणि तंबाखू घातली तर तिचाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. चघळण्याच्या सवयीने होणारे कर्करोग प्रामुख्याने गाल, हिरडी आणि जिभेवर दिसतात, पण वरच्या हिरडीवरून ते टाळूपर्यंत पसरू शकतात.

खुद्द टाळूवरचा कर्करोग मात्र एका वेगळ्याच सवयीशी जोडलेला आहे. आंध्रच्या किनारपट्टीवर, विशेषतः श्रीकाकुलम भागात, अनेक बायका चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, पेटतं टोक तोंडात धरून ओढत. गोव्यातही 'धुमटी' अशी उलटी ओढण्याची सवय होती. निखारा टाळूखालीच जळत राहतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि डेन्मार्कचे जे. जे. पिंडबोर्ग यांनी सहकाऱ्यांसह देशातल्या पाच जिल्ह्यांत ५०,९१५ खेडूतांची तोंडं तपासली. १९६९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उलट्या धूम्रपानाचा आणि टाळूचा संबंध जगापुढे ठळकपणे आला तो अशा घरोघर जाऊन केलेल्या कामांमुळे.

आणि मग २०२१ आलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला. म्युकरमायकोसिस हे या आजाराचं नाव. तो करणारी बुरशी हवेत, मातीत नेहमीच असते. निरोगी माणूस ती पचवतो. पण रक्तातली साखर वाढलेली, त्यात स्टेरॉइडचे डोस, अशा शरीरात ती नाकातून शिरली की थेट रक्तवाहिन्यांमध्ये घुसते आणि त्या बुजवते. रक्त न मिळालेलं हाड मरतं. वरच्या जबड्याचं हाड नाकाला लागूनच असल्याने पहिला घाव त्यावर. कितीतरी जणांना पहिलं लक्षण जाणवलं ते दात हलू लागल्याचं, किंवा गाल बधिर झाल्याचं. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. जूनअखेर देशातली रुग्णसंख्या ४० हजारांवर गेल्याचं केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, आणि सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. मेलेलं हाड औषधाने जिवंत होत नाही, ते काढावंच लागतं. त्या उन्हाळ्यात कोरोनातून वाचलेली अनेक माणसं अर्धा, कधी पूर्ण वरचा जबडा गमावून घरी परतली. ही बहुतेक कमावती, मधल्या वयाची माणसं होती. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो बरोबरच होता. पण त्यानंतर त्यांनी जेवायचं कसं, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही याची मला आजही खंत वाटते.

४. एक राष्ट्राध्यक्ष आणि एक मनोविश्लेषक

टाळूचं भोक बुजवण्याची खटपट जुनी आहे. सोळाव्या शतकातले फ्रेंच सर्जन आंब्रोज पारे यांनी सोन्या-चांदीच्या पत्र्याला स्पंज जोडून तो भोकात बसवला. ओलाव्याने स्पंज फुगायचा आणि पत्रा धरून ठेवायचा. तो किती लवकर कुजत असेल याची कल्पना करता येते.

पुढचे दोन रुग्ण मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १ जुलै १८९३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या वरच्या जबड्याचा डावा भाग 'ओनायडा' नावाच्या बोटीवर गुपचूप काढण्यात आला. देशात आर्थिक घबराट होती. अध्यक्षांना कर्करोग झाल्याची बातमी फुटली तर बाजार कोसळेल अशी भीती होती. सगळी कापाकापी तोंडाच्या आतूनच केली, चेहऱ्यावर एकही व्रण राहिला नाही. मग डॉ. कॅसन गिब्सन या दंतवैद्यांनी कडक रबराची प्लेट करून ती पोकळी भरली. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराने बातमी फोडली, पण अध्यक्षांचं बोलणं इतकं स्वच्छ होतं की लोकांचा विश्वासच बसला नाही. खरं काय ते १९१७ मध्ये, क्लीव्हलँड यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, ऑपरेशनला हजर असलेल्या डॉ. विल्यम कीन यांनी जाहीर केलं.

मनोविश्लेषक सिगमंड फ्रॉइड यांचं नशीब वेगळं. १९२३ मध्ये व्हिएन्नात हान्स पिश्लर यांनी त्यांचा उजवा वरचा जबडा काढला. पिश्लर हे नावाजलेले आणि दंतशास्त्र कोळून प्यालेले सर्जन होते. तरीही पुढची सोळा वर्षं फ्रॉइड यांनी यातनांत काढली. तीसहून अधिक वेळा ऑपरेशनं झाली, रेडियमचे उपचार झाले. दर वेळी जखमेचा आकार बदलायचा आणि प्लेट टोचू लागायची. तोंड पुरेसं उघडत नसे. एकदा काढलेली प्लेट फ्रॉइड आणि त्यांची मुलगी ॲना या दोघांना मिळूनही परत बसवता आली नाही, शेवटी सर्जनना बोलवावं लागलं. घरात तिला 'राक्षस' म्हणत. १९३१ मध्ये हार्वर्डचे डॉ. कझांजियन यांच्याकडूनही त्यांनी नवी करून घेतली, तिनेही पुरता आराम दिला नाही.

दोन्ही माणसांकडे त्यांच्या काळातले उत्तम डॉक्टर होते. फरक पडला तो जखमेमुळे. एकाची जखम एकदा भरली ती भरली, दुसऱ्याची कधी स्थिरच झाली नाही. प्लेट ही जखमेच्या मापाची असते, आणि जखम बदलली की प्लेट जुनी होते. आजही नव्या रुग्णाला डॉक्टर एकाऐवजी तीन प्लेटा करायला सांगतात, त्याचं कारण हेच.

५. तीन प्लेटा, तीन कामं

पहिली प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसते. तिचं माप ऑपरेशनच्या काही दिवस आधी घेतलेलं असतं. प्लास्टरच्या साच्यावर सर्जन पेन्सिलीने खूण करतात, 'इथून कापणार'. तेवढ्या भागातले दात साच्यावरून तासून काढतात आणि त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकची साधी प्लेट बनवतात. गाठ काढून झाली, पोकळीत औषधी पट्टी भरली की ही प्लेट उरलेल्या दातांना तारेने किंवा हाडाला स्क्रूने बांधतात. ती पट्टी जागेवर धरून ठेवते, जखमेत अन्न जाऊ देत नाही, आणि रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा त्याचा पहिला शब्द घरच्यांना कळतो. नाकातली नळीही लवकर निघू शकते. या पहिल्या शब्दाचं मोल मी शब्दांत सांगू शकणार नाही. ज्यांनी ही प्लेट न मिळालेला रुग्ण पाहिला आहे, त्यांना ते ठाऊक आहे.

आठवडा-दहा दिवसांनी पट्टी काढतात. मग दुसरी, तात्पुरती प्लेट. जखम आकसत असते, म्हणून दर थोड्या आठवड्यांनी या प्लेटच्या वरच्या भागाला मऊ लेप चढवून ती पुन्हा मापात आणतात. याच काळात अनेकांचं रेडिएशन चालू असतं.

तिसरी, कायमची प्लेट तीन ते सहा महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. काळ्या बुरशीच्या रुग्णांत आधी आजार पूर्ण गेल्याची खात्री करतात, मगच माप घेतात.

हे माप घेणं पाहण्यासारखं असतं. डॉक्टर आधी पोकळीच्या खोल कोपऱ्यांत व्हॅसलीन लावलेले गॉजचे बोळे ठेवतात. प्रत्येक बोळ्याला धागा बांधलेला, म्हणजे नंतर एकही आत विसरत नाही, आणि मापाचा लगदा नाकाच्या आडवाटांत शिरून अडकत नाही. मग मऊ केलेला मापाचा पदार्थ प्लेटवर लावून तोंडात. आता रुग्णाने स्वस्थ बसायचं नसतं. "मान डावीकडे. आता उजवीकडे. हनुवटी छातीला लावा. तोंड मोठं उघडा. गिळा. आ करा." प्रत्येक हालचालीत गालाचे आणि घशाचे स्नायू त्या मऊ पदार्थावर आपली खूण उमटवतात. फक्त बसल्या बसल्या घेतलेल्या मापाची प्लेट जेवताना टोचते.

६. ऑपरेशनच्या आधीची भेट

आता सुरुवातीला सांगितलेल्या मुद्द्याकडे येऊ. साधी कवळी टाळूला चिकटून राहते, कारण तिच्याखाली सगळीकडे हाड असतं. अर्धी टाळू गेली की प्लेट उरलेल्या अर्ध्या भागाच्या आधारावर उभी राहते. टेबलाचे एका बाजूचे दोन पाय काढले आणि त्या बाजूला हात टेकला तर काय होईल? टेबल कलंडेल. प्लेटचंही घास चावताना तेच होतं. पोकळीकडची बाजू वर ढकलली जाते, दातांकडची खाली सुटते. कलंडणं रोखायचं तर उरलेल्या दातांना जास्तीत जास्त पकड हवी, आणि पोकळीच्या आत कुठेतरी आधार हवा.

हे दोन्ही सर्जनच्या सुरीवर अवलंबून असतं. दोन दातांच्या बरोबर मधून हाड कापलं तर उरलेल्या दाताच्या मुळाभोवती हाडाचं पांघरूण राहत नाही, आणि तो दात वर्षभरात हलू लागतो. त्याऐवजी एक दात काढून त्याच्या खळग्याच्या मधून कापलं, तर शेजारचा दात टिकतो. गालाच्या आतल्या उघड्या भागावर मांडीच्या कातडीचा पातळ तुकडा लावला, तर जिथे कातडी आणि तोंडाचं अस्तर जुळतं तिथे एक घट्ट पट्टा तयार होतो. प्लेटचा वरचा भाग या पट्ट्यावर अडकतो. सुपारीएवढ्या गाठीसाठी आणि लिंबाएवढ्या गाठीसाठी कापण्याची रेषा वेगळी असणारच, कर्करोग पुरता काढणं हे पहिलं काम, त्यात तडजोड नाही. पण त्या मर्यादेत एकेक दात वाचवता येतो. कोणते दात उरले आणि पोकळी कुठे आहे यावरून अशा जबड्यांचे सहा वर्ग मोहम्मद अरामनी यांनी १९७८ मध्ये पाडले. डॉक्टर मंडळी आजही तेच वापरतात.

ही चर्चा ऑपरेशनच्या आधी, प्लास्टरच्या साच्यावर, सर्जन आणि प्रोस्थोडॉन्टिस्ट यांनी एकत्र बसून करायची असते. रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढंच विचारावं: "दातांच्या डॉक्टरांनी माप घेतलं का?"

७. स्वामिमलैचं मेण

कायमच्या प्लेटचा सांगाडा बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचा असतो. पातळ, कडक, दातांना धरणाऱ्या बारीक आकड्यांसह. असा नाजूक सांगाडा घडवायचा कसा? ती रीत समजायला पुन्हा कुंभकोणमकडे जाऊ.

कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर स्वामिमलै आहे. मुरुगनच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा स्थानांपैकी एक. चोळकाळापासून चालत आलेली पंचलोहाच्या मूर्तींची कला तिथले स्थपती आजही जपतात. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून आधी मेणाची मूर्ती घडते, बोटांच्या नखांपर्यंत. तिच्यावर कावेरीकाठच्या बारीक गाळाच्या मातीचा पहिला थर, मग जाड मातीचे थर. वाळल्यावर तापवलं की मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीची पोकळी राहते. तिच्यात वितळलेला धातू ओततात. साचा फोडला की मूर्ती. एका साच्यातून एकच.

दातांच्या लॅबमध्ये जवळपास हेच घडतं. तंत्रज्ञ सांगाडा मेणात घडवतो, उष्णता सोसणाऱ्या पावडरीच्या लेपात तो पुरतो, भट्टीत मेण जाळतो आणि त्या रिकाम्या जागेत सुमारे १,४०० अंश सेल्सियसला वितळलेला धातू ढकलतो. दंतवैद्यकात ही रीत रुजवली ती अमेरिकेच्या विल्यम टॅगर्ट यांनी, १९०७ मध्ये.

एक फरक मात्र मोठा. हा धातू थंड होताना सुमारे दोन टक्के आकसतो. आता हिशेब करा: सांगाडा ५ सेंटिमीटर रुंद असेल तर दोन टक्के म्हणजे १ मिलिमीटर. मूर्तीच्या बाबतीत एक मिलिमीटर कुणाला कळणार नाही, आणि स्थपती छिन्नीने शेवटची कारागिरी करतातच. तोंडात एक मिलिमीटर म्हणजे सांगाडा दातांवर बसणारच नाही. म्हणून लेपाची पावडर अशी निवडतात की ती तापल्यावर जवळजवळ तेवढीच फुगते. धातूचं आकसणं आणि साच्याचं फुगणं एकमेकांना फेडतात.

मेणाचं माप चेहऱ्यासाठी वापरण्याची आपल्याकडची नोंद याहून जुनी आहे. १७९३ मध्ये पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवलं. ते वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये लंडनला छापून आलं. त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून माप घेतलं होतं आणि तो सपाट करून कपाळावर ठेवून कातडीची रेघ आखली होती.

८. वरचा गोळा पोकळ का करतात

धातूच्या सांगाड्यावर दात आणि गुलाबी ॲक्रिलिक येतं, आणि पोकळीच्या बाजूला एक फुगीर भाग, जो आत शिरून भोक बुजवतो. हा भाग भरीव केला तर काय होईल ते आकड्यांत पाहू. सोपं पडावं म्हणून तो ३ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा समजा. ३ × ३ × ३ म्हणजे २७ घन सेंटिमीटर. ॲक्रिलिकचं वजन घन सेंटिमीटरला सुमारे १.२ ग्रॅम. म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम, तेही वरून लोंबणारं, दिवसभर उरलेल्या दातांना खाली ओढणारं. आता तोच ठोकळा २ मिलिमीटर जाडीच्या भिंतींचा पोकळ करा. आतली पोकळी २.६ × २.६ × २.६, म्हणजे सुमारे १७.६ घन सेंटिमीटर. उरलं ९.४ घन सेंटिमीटर, वजन ११ ग्रॅम. दोन तृतीयांश ओझं गेलं.

पण बंद डबी आतून पोकळ करायची कशी? लॅबमधली एक जुनी युक्ती मला फार आवडते. ॲक्रिलिक भरताना मध्ये मिठाची किंवा साखरेची भर घालतात. ॲक्रिलिक घट्ट झालं की एक बारीक भोक पाडून आत पाणी सोडतात, मीठ विरघळून निघून जातं, भोक बुजवून टाकतात. काही डॉक्टर वरून उघडा गोळा पसंत करतात. तो आणखी हलका असतो, पण त्यात शेंबूड आणि अन्न साचतं, रोज निगुतीने धुवावा लागतो.

९. धरायला दातच नसतील तर

काळ्या बुरशीच्या कित्येक रुग्णांचा दोन्ही बाजूंचा जबडा गेला. दात नाहीत, हाड नाही, मग प्लेट अडकणार कशाला? इथे गालाचं हाड मदतीला येतं. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवून दंतरोपणाचा पाया घातला. नेहमीचा दंतरोपणाचा स्क्रू सेंटिमीटरभर लांब असतो. गालाच्या हाडात रोवायचे स्क्रू तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे असतात. त्यांच्या तोंडातल्या टोकांवर पट्टी किंवा चुंबक बसवून प्लेट अडकवतात. डोळाही गेला असेल तर सिलिकॉनचा कृत्रिम डोळा आणि टाळूची प्लेट चुंबकांनी एकमेकांना जोडता येतात.

मग प्लेटच कशाला, ऑपरेशनने कायमचं बंद का करू नये? करता येतं. पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह उचलून जबड्यात बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. डोळ्याचा तळच गेला असेल, किंवा पोकळी फार मोठी असेल, तिथे हेच योग्य. पण ते लांबलचक ऑपरेशन असतं, पायावरही जखम होते, आणि आतली जागा झाकली गेल्याने कर्करोग परत आला तर चटकन दिसत नाही. प्लेट मात्र काढली की डॉक्टरांना सगळं उघड दिसतं. मऊ टाळूच्या भोकांत गोष्ट वेगळी होते, तिथे प्लेटला मागे शेपूट जोडून एक गोळा घशाच्या स्नायूंच्या मध्ये नेऊन ठेवतात, म्हणजे स्नायू आवळले की वाट बंद होते. यातलं कुठलंही एक श्रेष्ठ आणि दुसरं दुय्यम असं मला वाटत नाही. साठीतल्या मधुमेही माणसाला चांगली प्लेट हा पूर्ण, सन्मानाचा उपचार आहे.

१०. घरी आल्यावर

प्रत्येक जेवणानंतर प्लेट काढून मऊ ब्रशने धुवायची. गरम पाणी वापरायचं नाही, ॲक्रिलिक वाकतं. पोकळी कोमट मिठाच्या पाण्याने खंगाळायची. डॉक्टरांनी रात्री काढून ठेवायला सांगितली असेल तर पाण्यात ठेवायची, कोरडी नाही. पहिल्या काही महिन्यांत मात्र प्लेट फार वेळ बाहेर ठेवली तर जखम आकसते आणि ती परत बसत नाही.

रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू ताठरतात, तोंड उघडेनासं होतं. त्यासाठी डॉक्टर एक साधा व्यायाम सांगतात. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांची थप्पी दातांमध्ये धरायची, आणि दर काही दिवसांनी थप्पीत एक काडी वाढवायची. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण तोंडच उघडलं नाही तर उत्तम प्लेटही तोंडात जात नाही. रेडिएशनने लाळ आटते आणि दात झपाट्याने किडतात. ज्या दातांवर प्लेट उभी आहे ते किडले, तर सगळंच गेलं. म्हणून फ्लोराइडचा लेप आणि सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. वजन घटलं-वाढलं, पाणी पुन्हा नाकात येऊ लागलं, की प्लेट नव्याने अस्तर लावून मापात आणावी लागते. काही वर्षांनी नवी करावी लागते, आणि त्यात रुग्णाचा काही दोष नसतो.

अशा प्लेटा बनवणारे विभाग मोठ्या कर्करोग रुग्णालयांत आणि दंत महाविद्यालयांत असतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं त्यासाठी गाठता येतील. २०२१ मध्ये काळ्या बुरशीचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आले, तेव्हा हाड काढण्याचा खर्च सरकारने उचलला. त्यानंतरची प्लेट, तिचं अस्तर, दुसरी, तिसरी प्लेट हेही उपचारच आहेत, हे धरूनच योजनांचे खर्च ठरायला हवेत. आणि ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर जाण्याआधी जबड्याचं माप आणि उरलेल्या दातांचा एक्स-रे झाला आहे का, हे आजच विचारून घ्या. तारखेला दोन दिवस उरले असतील तरी पहिली प्लेट होऊ शकते.